आसनाची मांडणी : योगाभ्यासाच्या प्रारंभी शरीराचा विचार

योगासने शिकण्यास आरंभ करणारा मनुष्य बहुधा चित्रापासून आरंभ करतो. पुस्तकातील अथवा भिंतीवरच्या तक्त्यातील आकृती तो पाहतो आणि आपले शरीर त्या आकृतीसारखे दिसावे म्हणून खटपट करतो. चित्रातील माणसाचे हात पायांच्या अंगठ्यांना टेकलेले असतात. म्हणून हा नवशिकाही पाठीला पोक काढून, श्वास कोंडून का होईना, पण अंगठ्यांपर्यंत पोहोचतो. आसन साधले, असे त्याला वाटते. परंतु चित्रातील माणसाचे वाकणे खुब्याच्या सांध्यातून झालेले असते आणि याचे कमरेच्या मणक्यांतून. बाहेरून दोन्ही कृतींना नाव एकच आहे; शरीराच्या आत मात्र त्या दोन निरनिराळ्या घटना आहेत. पहिलीत मांडीच्या मागचे स्नायू लांबतात, दुसरीत कमरेच्या मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. पहिलीमुळे काही आठवड्यांत शरीर मोकळे होऊ लागते. दुसरीमुळे पुष्कळ लोक कंबर धरून घरी बसतात आणि योगासने आपल्याला मानवत नाहीत असा ग्रह करून घेतात. प्रस्तुत पाठात विचार करावयाचा आहे तो या फरकाचा.

शरीराचा भार शक्य तितका हाडांतून जमिनीकडे उतरावा, स्नायूंना तोल राखण्यापुरतेच काम उरावे, आणि वाकणे किंवा वळणे ज्या सांध्याचे काम आहे त्याच सांध्यात ते घडावे, अशा रीतीने अवयव ठेवणे यास आपण येथे ‘मांडणी’ म्हणू. शब्द साधा आहे. विटांची भिंत रचणारा गवंडी ओळंबा धरून जे पाहतो, तेच येथेही पाहावयाचे. फरक इतकाच, की भिंत एकदा सरळ झाली म्हणजे सरळ राहते. जिवंत शरीर सतत किंचित डुलत असते आणि सतत सावरावे लागते.

पतंजलीने आसनाचे लक्षण सांगताना स्थिरता आणि सुख या दोन गोष्टींचाच उल्लेख केला. कोणत्याही विशिष्ट आसनाची कृती त्याने दिली नाही. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’त १५, आणि त्यानंतरच्या ‘घेरंडसंहिते’त ३२ आसने वर्णिलेली आढळतात. टाच कोठे लावावी, हात कोठे ठेवावा, हे या ग्रंथांत सांगितलेले आहे. ज्याची टाच तेथवर पोहोचतच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न बहुधा गुरूच्या देखरेखीवर सोडलेला दिसतो.

विसाव्या शतकात या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटाच्या पोकळीत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. सांध्यांच्या मांडणीचा विचार विशेष बारकाईने केला तो बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी. कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेले आणि बालपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेले हे गृहस्थ १९३७ साली आपले गुरू टी. कृष्णमाचार्य यांच्या आज्ञेवरून शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि पुढे पुणे हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. त्यांचा ‘लाइट ऑन योग’ हा सचित्र ग्रंथ १९६६ साली निघाला. १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट सुरू झाली. विटा, पट्टे, घड्या घातलेल्या चादरी, खुर्च्या आणि भिंतीतील दोर यांचा आसनांसाठी पद्धतशीर उपयोग करण्याची रीत मुख्यतः त्यांनी रूढ केली. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्या हाताखाली वीट ठेवून जमीनच वर आणावी, हे सांगावयास सोपे वाटते. पण त्यामुळे आसन हे लवचिक माणसांपुरते मर्यादित राहिले नाही.

उभे राहणे

पहिला धडा ताडासनाचा, म्हणजे केवळ सरळ उभे राहण्याचा. याला कोणी आसन का म्हणावे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर शाळेतच एका प्रयोगाने मिळू शकते. दाराच्या चौकटीला दोरा बांधून खाली एखादे वजन लटकवावे. एका विद्यार्थ्याने त्या दोऱ्यालगत एका बाजूने उभे राहावे. दोरा घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे येईल असा त्याने पाय ठेवावा. दुसऱ्याने थोड्या अंतरावरून पाहावे. मांडणी चांगली असेल तर तोच दोरा कानाची पाळी, खांद्याचा मध्य आणि खुब्याचे बाहेरचे टणक हाड यांवरून जाऊन गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून खाली उतरतो. वर्गातील फार थोड्यांच्या बाबतीत असे घडेल. कोणाचा कान पुढे, कोणाचे पोट पुढे, कोणाचे गुडघे मागे ताणलेले. प्रत्येकाची नोंद करून ठेवावी आणि तीन महिन्यांनी प्रयोग पुन्हा करून पाहावा.

मस्तकाचे वजन प्रौढ माणसात साधारणपणे साडेचार ते पाच किलोग्रॅम असते. डोक्यावर घागर घेऊन चालणारी स्त्री ती घागर मानेच्या हाडांवर तोलते. तीच घागर हात पुढे लांब करून धरावयास सांगितली तर ती अर्धे मिनिटही धरवणार नाही. पुस्तकावर किंवा पडद्यावर मान झुकवून बसणाऱ्याने मस्तकाची घागर अशीच पुढे धरलेली असते. तरफेच्या नियमानुसार टेकूपासूनचे अंतर जितके अधिक, तितका मानेमागच्या स्नायूंचा ओढा अधिक. संध्याकाळी मान भरून येते, तिचे एक कारण हे आहे.

ताडासनात पाय जोडून किंवा बोटभर अंतरावर ठेवावेत. भार टाच आणि चवडा यांत सारखा वाटला जावा. तो बहुधा आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर सांडत असतो, हे जुन्या चपलेच्या झिजेवरून कळते. गुडघे मागे न ताणता मांडीचे स्नायू हलकेच आवळावेत. छाती फुगवून शिपायासारखे उभे राहणे हे ताडासन नव्हे. तसे केल्याने खालच्या बरगड्या पुढे येतात आणि कमरेची पोकळी वाढते. भिंतीला टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग लावून उभे राहिल्यास ही चूक ताबडतोब ध्यानात येते, कारण कंबर आणि भिंत यांमधील जागा मोठी होते. कंबर भिंतीला चिकटवावयाचीही नाही. कण्याला तेथे नैसर्गिक बाक आहेच, आणि भार झेलण्यास तो उपयोगी पडतो.

पुढे वाकणे

नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी या एका हालचालीत एकवटलेल्या असतात, म्हणून तिच्याकडे थोडे अधिक लक्ष देऊ.

मांडीच्या मागचे लांब स्नायू वर बैठकीच्या हाडांना आणि खाली गुडघ्यापलीकडे नडगीच्या वरच्या भागाला जोडलेले असतात. पाय सरळ ठेवून माणूस पुढे वाकू लागला, की श्रोणी, म्हणजे कमरेखालचे हाडांचे कडे, मांडीच्या हाडांच्या गोल डोक्यांवर पुढे कलू लागते आणि बैठकीची हाडे वर सरकतात. हे स्नायू आखूड किंवा ताठ असतील तर ते बैठकीच्या हाडांना खालून ओढून धरतात, श्रोणी थांबते. तरीही माणूस खाली जाऊ पाहतो. मग उरलेले वाकणे कमरेच्या पाच मणक्यांना करावे लागते. मणक्यांमधील चकत्या पुढच्या बाजूने दाबल्या जातात, मागच्या बाजूने ताणल्या जातात. स्वीडनमधील अस्थिशल्यवैद्य आल्फ नाखेम्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. सरळ उभे असताना जो दाब असतो त्याहून पुढे वाकलेल्या स्थितीत तो बराच वाढतो, असे त्यांना आढळले. निरोगी चकती हा दाब सहन करते. दिवसभर बैठे काम करणाऱ्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसाने सकाळी उठल्याबरोबर झटके देत वाकणे मात्र शहाणपणाचे नाही.

आपली श्रोणी कोठे थांबते हे प्रत्येकाला स्वतः पाहता येते. जमिनीवर पाय सरळ पसरून बसावे आणि एक हात कमरेच्या मागे ठेवावा. मणक्यांची टोके हाताला खुंट्यांसारखी लागत असतील आणि शरीर मागे कलंडू पाहत असेल, तर आपण बैठकीच्या हाडांवर बसलेलो नसून त्यांच्या मागे बसलो आहोत असे समजावे. अशा स्थितीतून पुढे वाकावयाचे नाही. घोंगडीची किंवा जाड चादरीची चार बोटे उंच घडी करून तिच्या कडेवर बसावे. श्रोणी पुढे कलण्यास वाव मिळतो आणि पाठ बहुधा आपोआप उंच होते. तेवढ्याने न भागल्यास लाकडी पाट घ्यावा. गुडघ्यांखाली गुंडाळलेला पंचा ठेवण्यातही कमीपणा नाही.

उभ्याने करावयाचे वाकणे भिंतीपासून शिकावे. भिंतीसमोर उभे राहून तळहात खुब्याच्या उंचीवर भिंतीला टेकावेत आणि पावलापावलाने मागे सरकावे. शेवटी पाय खुब्यांच्या बरोबर खाली आणि धड जमिनीशी जवळजवळ समांतर येते. पाठ मेजाच्या फळीसारखी सपाट राहिली पाहिजे. ती कमानीसारखी वर येऊ लागली तर हात भिंतीवर आणखी वर न्यावेत किंवा गुडघे वाकवावेत. येथे एक गोष्ट नवशिक्याला पटत नाही: गुडघे वाकवून पाठ सपाट ठेवणारा विद्यार्थी, पाय सरळ ठेवून पाठीला पोक काढणाऱ्यापेक्षा आसनाच्या अधिक जवळ असतो.

घाई का करू नये, यालाही शरीरशास्त्रात आधार आहे. स्नायूंच्या आत ताण ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. स्नायू एकाएकी ताणला गेला की त्यांच्याकडून मज्जारज्जूला संदेश जातो आणि तोच स्नायू उलट आकसतो. या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन लिडेल आणि शेरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले ते १९२४ सालीच, म्हणजे लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली त्याच वर्षी. हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. झटके देऊन ताणणारा माणूस आपल्याच स्नायूंना विरोध करावयास चेतवीत असतो. ताण सावकाश देऊन सुमारे अर्धा मिनिट स्थिर राहिल्यास हा विरोध ओसरतो. पहिल्या काही आठवड्यांत जी लवचिकता वाढलेली दिसते, तीही स्नायूची लांबी वाढल्यामुळे फारशी नसते. तो ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढलेली असते. म्हणून रोज थोडा, पण नियमित अभ्यास हा आठवड्यातून एकदा केलेल्या मोठ्या खटाटोपापेक्षा फलदायी ठरतो.

ज्यांची कंबर दुखरी आहे त्यांनी हेच काम पाठीवर निजून करावे. एक पाय जमिनीवर लांब किंवा गुडघ्यात वाकविलेला. दुसऱ्या पायाच्या तळव्याला नेवारीची पट्टी अथवा पंचा अडकवून तो पाय सावकाश वर आणावयाचा. कणा जमिनीवर विसावलेला असल्यामुळे त्याच्यावर भार येत नाही आणि ताण नेमका मांडीच्या मागे जाणवतो.

गुडघा आणि पद्मासन

आपल्या देशात जमिनीवर मांडी घालून बसण्याची रीत असल्यामुळे पद्मासन हे सोपे आसन समजले जाते. वस्तुतः गुडघा हा प्रामुख्याने बिजागरीचा सांधा आहे. तो वाकलेला असताना थोडासा पीळ घेऊ शकतो, अधिक नाही. पद्मासनात पाय मांडीवर यावयाचा तर मांडीचे हाड उखळीच्या सांध्यात, म्हणजे खुब्यात, बाहेरच्या बाजूस पुरेसे फिरले पाहिजे. ते फिरले नाही आणि पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवले, तर उरलेला पीळ गुडघ्यातील अस्थिबंधांवर आणि कूर्चेच्या गाद्यांवर जातो. या गाद्यांच्या आतल्या भागास रक्तपुरवठा नसल्यासारखाच असतो, त्यामुळे तेथील इजा सहजी भरून येत नाही.

शिवाय सर्वांचे खुबे सारखे घडलेले नसतात. मांडीच्या हाडाच्या मानेला जो पुढे झुकणारा पीळ असतो तो प्रौढांत सरासरीने सुमारे १५ अंश असला, तरी व्यक्तिपरत्वे त्यात पुष्कळ फरक पडतो. उखळीची खोली आणि दिशाही वेगवेगळी असते. एखाद्याला पद्मासन आयुष्यभर जमणार नाही, आणि त्यात त्याच्या आळसाचा संबंध नसेल. गुडघ्याच्या आतल्या कडेला कळ आली की पाय सोडावा व उंच घडीवर साधी मांडी घालून बसावे. प्राणायामाला तेवढे पुरते.

म्हणूनच एका ठेक्यावर शेकडो मुलांकडून एकच आकृती करवून घेण्याची जी प्रथा शाळांत दिसते, आणि २०१५ सालापासून २१ जूनच्या आंतरराष्ट्रीय योगदिनी जी मैदानावर विशेष थाटाने पाळली जाते, तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कवायत म्हणून ती शोभून दिसते. पण आकड्यांच्या तालावर ताठ मुलाला लवचिक मुलाची बरोबरी करावयास लावणे हे आसनशिक्षण नव्हे. सूर्यनमस्कारांचेही तसेच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत त्यांचा प्रसार केला, आणि दमश्वासाचा व्यायाम म्हणून ते उत्तमच आहेत. परंतु त्यात पुढे आणि मागे वाकणे काही सेकंदांच्या अंतराने येते. खुब्यातून वाकणे ज्याला अद्याप कळलेले नाही त्याने ते महिनाभर थांबून मग सुरू करावेत.

शीर्षासन व सर्वांगासन ही प्रारंभीच्या काही महिन्यांत वगळावीत. मस्तक तोलण्यासाठी घडलेल्या मानेच्या सात मणक्यांवर शीर्षासनात शरीराच्या भाराचा मोठा हिस्सा येऊ शकतो. खांदे व हात तो भार उचलण्यास तयार झाल्यावाचून हे आसन करणे धोक्याचे आहे. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी डोके खाली जाणारी आसने करूच नयेत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पाठ गोल करून वाकणे टाळावे. गर्भवती स्त्रिया, आणि कमरेतून पायात उतरणारी कळ ज्यांना आहे अशा व्यक्ती, यांनी वैद्याचा सल्ला आणि जाणता शिक्षक या दोहोंवाचून आरंभ करू नये.

निरोगी माणसाने दुखणे कोणते आणि ताण कोणता हे ओळखावयास शिकावे. स्नायूच्या मध्यभागी पसरलेला, श्वासागणिक कमी होत जाणारा ओढा हा ताण होय. सांध्याजवळ एका बिंदूत येणारी तीक्ष्ण कळ, मुंग्या, बधिरता, किंवा आसन सोडल्यावरही रेंगाळणारा ठणका ही थांबण्याची चिन्हे आहेत.

रोजचा अभ्यास

प्रारंभी वीस मिनिटे पुरेत. भरपेट जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत. सकाळी अंग ताठ असते, सायंकाळी सैल. ज्याला जी वेळ नियमाने पाळता येईल ती त्याची योग्य वेळ. सतरंजी गुळगुळीत फरशीवर घसरते, म्हणून उभी आसने उघड्या पायांनी थेट जमिनीवर करावीत. दोन मिनिटे ताडासन. मग भिंतीशी वाकणे दोन-तीन वेळा. नंतर हाताखाली वीट किंवा खुर्ची घेऊन त्रिकोणासन, प्रत्येक बाजूस अर्धा मिनिट. त्रिकोणासनात हात किती खाली गेला हे न पाहता वरची बरगडी आणि खालची बरगडी सारख्याच लांब राहिल्या की नाही हे पाहावे. त्यानंतर निजून पट्टीने पाय उचलणे, आणि गुडघे वाकवून पाठीखाली उशी घेतलेला सेतुबंध. इतके महिनाभर पुरे. दर चार दिवसांनी नवे आसन शिकण्याचा मोह आवरावा.

श्वास कोंडला गेला की आपण आपल्या शक्तीपलीकडे गेलो, असे खुशाल समजावे. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहिल्यास श्वास आत घेताना ती किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते. तरुण मुलांत हा फरक सहज कळतो. उच्छ्वास लांबविल्याने शरीर शांत होते या अनुभवाच्या मुळाशी हीच घटना आहे. नवशिक्याने श्वासाचे आकडे मोजू नयेत. नाकाने, आवाज न करता, सोडताना थोडा अधिक वेळ, एवढे पाळावे.

शेवटी शवासन. येथेही मांडणी आहेच. निजल्यावर हनुवटी छताकडे वर उचलली जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी घ्यावी, कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच येईपर्यंत. कंबर जमिनीपासून फार उचलली जात असेल तर गुडघ्यांखाली लोड द्यावा. पावले आपोआप बाहेर कलू द्यावीत; एक अधिक आणि दुसरे कमी कलले तर त्यावरून आपल्या दोन खुब्यांतील फरक कळतो, तो सुधारू पाहू नये. पाच ते सात मिनिटांनी उजव्या कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन, डोके सर्वांत शेवटी उचलीत उठावे.